भट्टीबाई आणि मास्तरांची रांग

त्या गल्लीत गिऱ्हाइकांची एक सोय होती. छापखान्याच्या दाराशी बाइंडर बसायचा आणि त्याच्या शेजारी एक तिपाई असायची. तिपाई रिकामी दिसली तर खुशाल आत जावं. तिपाईवर पुठ्ठे चिकटवायच्या खळीचं पातेलं दिसलं तर न थांबता पुढं चालायला लागावं आणि संध्याकाळी परत डोकावून बघावं. खळीचा आणि गिऱ्हाइकाचा तसा काहीच संबंध नव्हता. संबंध होता तो बाइंडरच्या बायकोशी. ती आत कॉम्प्युटरवर पुस्तकं जुळवायची. तिचा पारा चढला की बाइंडर हळूच उठायचा, पातेलं बाहेर आणून ठेवायचा, आणि तिनं विचारलंच तर म्हणायचा, "खळ निवायला ठेवलीय." काही दिवशी ती खळ सकाळपासून दिवेलागणीपर्यंत निवत असायची.

गल्लीतले लोक तिला भट्टीबाई म्हणत. अर्थात तिच्या मागं. छापखान्यात पूर्वी शिसं वितळवायची एक भट्टी होती. ती केव्हाच मोडीत गेली, पण गल्लीला एका भट्टीची सवय झाली होती, म्हणून नाव वाया जाऊ दिलं नाही.

ही बाई सून म्हणून या घरात आली तेव्हा सगळं काम शिशाच्या खिळ्यांचं होतं. जुळारी म्हणजे एकेक अक्षराचा खिळा वेचून ओळी लावणारा माणूस. सासऱ्यांचा जुळारी एके दिवशी तंबाखू आणायला म्हणून गेला तो दुसऱ्याच छापखान्यात जाऊन उभा राहिला. इकडं एक पुस्तक अर्धवट लटकलं. सासरे डोक्याला हात लावून बसले. सूनबाईनं बाह्या वर सारल्या, खिळ्यांच्या खणांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "कुठल्या खणात काय आहे तेवढं सांगा. बाकी माझं मी बघते." आठवड्याभरात तिची बोटं काळी आणि जीभ धारदार झाली. सासरे स्वतः काही गाईसारखे गरीब नव्हते. त्यांच्या आवाजानं खिडकीची तावदानं हलत. पण सूनबाईनं एका कागदवाल्याला ओला कागद आणल्याबद्दल जे काही सुनावलं, ते ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "आजपासून ओरडायचं खातं तुमच्याकडे. माझं आता वय झालं."

ते खातं तिनं मन लावून सांभाळलं. एकदा भिंतीवरचं घड्याळ फार टिकटिक करतं म्हणून तिनं ते उतरवलं, जुन्या कागदात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं. पुढं कितीतरी दिवस बाइंडर वेळ बघायला कपाट उघडायचा. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काम थोडं घाईचं आहे." ती म्हणाली, "थोडं म्हणजे किती? तुम्ही जितका आळस केलात तितकं?" तरीही लोक तिच्याकडेच येत. कारण तिच्या हातून गेलेल्या पानावर बोट ठेवायला जागा नसायची.

खिळे गेले, कॉम्प्युटर आला. गणिताचं संशोधन करणारा एक पोरगेला माणूस एकदा सूत्रांनी भरलेले कागद घेऊन आला, आणि त्यानंच तिला लाटेक शिकवलं. लाटेकमध्ये पान डोळ्यांसमोर सजवत बसायचं नसतं. काय कसं दिसायला हवं ते साध्या अक्षरांत लिहून द्यायचं, मग यंत्राला सांगायचं, आता जुळव. याला म्हणतात कंपाइल करणं. यंत्राला काही समजलं नाही तर ते थांबतं आणि लाल अक्षरांत सांगतं, अमुक ओळीवर अडलं. भट्टीबाईला हे फार आवडलं. "माणसं चुकतात आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात," ती म्हणायची. "हे निदान ओळीचा आकडा तरी सांगतं."

पुढं तिला कळलं की हा आकडासुद्धा पुरता खरा नसतो. ठेच कुठं लागली एवढं यंत्र सांगतं. दगड कुणी आणून ठेवला ते सांगत नाही. हे ती नव्या माणसाला दहादा बजावून सांगायची. स्वतः मात्र कधीकधी विसरायची, आणि ही गोष्ट त्याच विसरण्याची आहे.

बाइंडरचा धाकटा भाऊ शाळेत गणित शिकवायचा. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे, ती भाऊजी म्हणे. मास्तरांवर रागावणं म्हणजे कापसाच्या गादीवर हातोडा मारणं. आवाज नाही, खळगा नाही, आपलाच हात दुखायचा. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी भूमितीचं पुस्तक लिहायला घेतलं. नुसती पाठ्यपुस्तकी भूमिती नव्हे. मुलं कुठं अडतात, का अडतात, कुठल्या आकृतीपाशी डोळे विस्फारतात, हे सगळं त्यात होतं. पुस्तक पुरं व्हायच्या आत एक डोळा गेला. आता दुसराही विझत चालला होता, आणि येत्या सोमवारी त्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. नजर आहे तेवढी राहिली तरी खूप झालं, जायचीही शक्यता आहे, असं स्पष्ट सांगितलं होतं.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "पुस्तक नंतर केव्हाही छापा. पण सोमवारच्या आत मला सगळी पानं कागदावर द्या. मोठ्या अक्षरांत. मजकूर कुणीही तपासेल. आकृत्या मात्र मलाच बघायला हव्यात. स्पर्शिका वर्तुळाला नुसती टेकलीय की आत घुसलीय, हे दुसऱ्या कुणाला दिसणार नाही."

"देते की," भट्टीबाई म्हणाली. "त्यात काय एवढं."

त्यात बरंच काही होतं. मास्तरांनी एकेक प्रकरण एकेका जुन्या विद्यार्थ्याकडून लाटेकमध्ये टाइप करून घेतलं होतं. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी पूल बांधणारा इंजिनिअर. प्रत्येकानं आपापल्या प्रकरणाच्या माथ्यावर आपल्याला लागणारी पॅकेजं बोलावली होती. पॅकेज म्हणजे कुणीतरी आधीच करून ठेवलेली कामाची पेटी. एक आकृत्या काढतं, एक रंग देतं, एक पुस्तकातल्या पुस्तकात दुवे जोडतं, एक 'प्रमेय सात पाहा' यातला सात आपोआप मोजून घालतं. एकेकटं प्रकरण ज्याच्या त्याच्या घरी नीट चालत होतं. मास्तरांनी ती सगळी एकत्र केली आणि सगळ्यांच्या पॅकेजांच्या ओळी पुस्तकाच्या माथ्यावर एकाखाली एक लावून दिल्या.

भट्टीबाईनं वर आपली नेहमीची फाइल जोडली. तिला ती 'घरचा साज' म्हणायची. समास, मथळे, पानांचे आकडे, सगळं त्यात ठरलेलं. तिच्याकडून जाणारं प्रत्येक पुस्तक हा साज लेवूनच बाहेर पडायचं. मग तिनं कंपाइल केलं.

यंत्र पहिल्याच पायरीवर लाल झालं.

एकाच स्वयंपाकघरात चार जावा आल्या, आणि प्रत्येकीनं आपल्या सवयीनं डबे लावले, की जे होतं तेच इथं झालं होतं. विद्यार्थ्यांच्या ओळींत प्रमेयांचे आकडे मोजणारं पॅकेज सगळ्यात वर बसलं होतं आणि दुवे जोडणारं त्याच्या पुष्कळ खाली. खरं तर मोजणाऱ्यानं जोडणाऱ्याच्या मागून यायचं असतं. आधी घर बांधून होऊ दे, मग मी पाट्या लावते, असा त्याचा खाक्या. ते पुढं बसलं तर सगळंच अडतं.

"कुणी लावल्यात या ओळी? डोळे मिटून?" ती म्हणाली, आणि म्हटल्यावर स्वतःच जीभ चावली. मग त्याचाही राग आला. तिनं ती वरची ओळ उचलली, तळाशी नेऊन ठेवली, पुन्हा कंपाइल केलं. यंत्र पुढं सरकलं आणि दुसऱ्या ठिकाणी अडलं. रंगांचं पॅकेज आधीच बोलावलेलं आहे आणि आता ते वेगळ्या मागण्यांसकट पुन्हा बोलावलं जातंय, असं त्याचं म्हणणं. आकडा होता इंजिनिअरच्या ओळीचा. तक्त्यातल्या रांगा रंगवायला त्यानं ती मागणी जोडली होती.

बाइंडर उठला आणि पातेलं उचलून बाहेर गेला.

तिनं इंजिनिअरला फोन लावला. "पूल बांधता ना तुम्ही?"

"हो काकू. मास्तरांच्या पुस्तकाचं कुठवर आलं?"

"पुलालाही असेच रंग फासता का? पुस्तक अडवून ठेवलंय तुमच्या रंगानं. भूमितीला रंग कशाला हवेत? नटायला?"

"काकू, माझं प्रकरण माझ्याकडे व्यवस्थित कंपाइल होतं."

"तुमच्याकडे होतं, ते तुमच्याकडे ठेवा. माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या ओळीचा आकडा आलाय."

"बघतो काकू. पण त्या आधी आणखी कुणी तेच पॅकेज बोलावलं असेल तर..."

"मला शिकवू नका," असं म्हणून तिनं फोन ठेवला. दिवस तसाच मावळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताज्या दमानं बसली. म्हटलं, आज रंगाचा निकाल लावू. कंपाइल केलं तर काय, पहिलीच चूक परत. मोजणारं पॅकेज वर, जोडणारं खाली. तिनं काल स्वतःच्या हातानं हलवलेली ओळ जिथल्या तिथं जाऊन बसली होती, खोड्या करून शहाण्यासारख्या बसलेल्या पोरासारखी.

"तुम्ही हात लावलात?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मला चालू कुठून होतं तेसुद्धा माहीत नाही," बाइंडर म्हणाला. ते खरंच होतं.

मग तिनं यंत्रावर संशय घेतला. फाइल नीट जतन झाली नसेल. ओळ पुन्हा खाली नेली, दोनदा जतन केली, वर यंत्राला दम भरला. जेवायला उठली. येऊन बघते तर ओळ परत वर. या वेळी तिनं यंत्राच्या सात पिढ्या काढल्या. ते बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला, त्याला वीज पुरवणाऱ्याला, कुणालाही सोडलं नाही. पुढं बँकवाल्या विद्यार्थ्याची पाळी आली, मग शाळेत शिकवणारीची. शेवटी ती खिडकीतल्या मांजरावरही खेकसली. मांजर या घरातलं जुनं होतं. त्यानं कूस बदलली.

मास्तर शेजारच्या खोलीतच असत. दुपारी त्यांच्या डोळ्यांत औषध घालायचं काम बाइंडरचं. त्यांनी सगळं ऐकलं असणार. पण ते नुसतं म्हणाले, "वहिनी, चहा घेता का?"

"सोमवार येऊन ठेपलाय आणि तुम्हाला चहा सुचतो," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं ओळ तिसऱ्यांदा खाली नेली आणि एका जाड कागदावर लिहिलं, 'या फाइलला कुणीही हात लावू नये'. कागद पडद्याच्या कडेला चिकटवला, वर खळीचं एक बोट जास्तीचं फिरवलं. मग कागद आणायला म्हणून बाजारात निघाली. कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिला आठवलं की कागदाचं माप घरीच राहिलं. मागं फिरली.

तिच्या खुर्चीत मास्तर बसले होते.

पडद्यावरची अक्षरं त्यांनी इतकी मोठी केली होती की एकेक अक्षर वांग्याएवढं दिसत होतं. नाक पडद्याला टेकायचं बाकी, हातात भिंग, आणि एक एक कळ चाचपत ते तळाची ओळ उचलून माथ्यावर नेत होते. किती निगुतीनं. घरातली काचेची भांडी हलवावीत तसं.

आता भट्टीबाईचं काय झालं असेल ते सांगायला नको. बाइंडरनं पातेल्याला हात घातला आणि तसाच उभा राहिला.

"भाऊजी," ती म्हणाली. आवाज इतका शांत होता की मांजर खिडकीतून उतरून निघून गेलं. "काय चाललंय?"

मास्तर दचकले नाहीत. "ओळ चुकीच्या जागी पडली होती, वहिनी. जागेवर लावतोय."

"चुकीच्या जागी? मी लावलीय ती. तीन वेळा लावली. यंत्राला शिव्या घातल्या, नवऱ्यावर आळ घेतला, दोन दिवस पाण्यात गेले. सोमवारपर्यंत पानं कुणाला हवीत, मला? तुमच्या पुस्तकासाठी मी मरमर मरायचं आणि तुम्ही मागच्या दारानं येऊन सगळं उलटं करायचं. का?"

"ते रांगेनं आहेत, म्हणून."

"कसली रांग?"

"विद्यार्थ्यांची," मास्तर म्हणाले. "ज्यानं जी ओळ दिली, ती त्याच्या तुकडीच्या क्रमानं लावलीय. पहिली तुकडी वर, शेवटची खाली. वर्गाच्या फोटोत बसवतो तसं. सगळ्यात वरची ओळ माझ्या पहिल्या तुकडीतल्या मुलीची आहे. तिला तुम्ही शेवटी नेऊन बसवलीत."

"अहो, ती पॅकेजं आहेत. माणसं नव्हेत."

"तिनंच शोधून दिलं ते पॅकेज मला."

"तुम्हाला रांगेचं पडलंय. यंत्राला तुमची रांग कळत नाही. त्याला मागून येणारं मागंच हवं. तुमची पोरगी पुढं बसली की पुस्तक बंद. संपला विषय. आणि ही चिठ्ठी कुणासाठी लिहून ठेवली होती मी? नाकासमोर आहे. हात लावू नये, म्हणून लिहिलंय ढळढळीत."

"कुठली चिठ्ठी?" मास्तरांनी विचारलं.

ते थट्टा करत नव्हते. त्यांनी मान वळवली, पडद्याच्या दुसऱ्याच कडेला बघितलं, मग हात पुढं केला आणि चाचपत चाचपत तो त्या कागदाला लागला. कागदावरून त्यांनी बोटं फिरवली. "जाड कागद आहे," ते म्हणाले. "काय लिहिलंय?"

बाइंडरनं पातेलं खाली ठेवलं.

 तोंडापर्यंत आलेलं सगळं भट्टीबाईनं गिळलं. ते सोपं नव्हतं, गिळायची सवय नव्हती. मग तिला या गोष्टीचा राग आला की हे इतकं झालंय आणि भाऊजींनी कुणाला सांगितलं नाही. पण तो राग आधीच्या रागासारखा नव्हता. तो कुठं फेकावा ते तिला कळेना.

"इतकं कमी दिसतं, तर सांगायचं नाही?" ती म्हणाली.

"सांगून डोळा सुधारला असता का? तुमची मात्र घाई वाढली असती." मास्तर खुर्चीत मागं रेलले. "त्या मुलीचं सांगतो. फार उंच होती. उंच म्हणून पहिलीपासून शेवटच्या बाकावर. पुढं बसली तर मागच्यांना फळा दिसत नाही, असं सगळे म्हणत. माझ्याकडे आली तेव्हा गणितात भोपळे. मीही वर्षभर तिला शेवटच्याच बाकावर ठेवलं आणि रोज रागावलो. मग एकदा सहज तिला खडू आणायला पुढं बोलावलं, तर फळ्यापाशी आल्यावर ती थांबली आणि वाचायला लागली. जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. तिला मागून फळा दिसतच नव्हता, वहिनी. कुणालाच कळलं नव्हतं. त्या दिवसापासून तिला मी पहिल्या बाकावर बसवलं. म्हणाले ज्यांना म्हणायचं ते. ती आता कॉलेजात गणित शिकवते. आणि तिचीच ओळ मी शेवटी टाकू?"

 बाइंडरनं उगीच पुठ्ठ्याच्या कडा तपासल्या.

"सरका," भट्टीबाई म्हणाली.

"काय करता?"

"सरका म्हटलं ना."

मास्तर सरकले. ती बसली. फाइलच्या अगदी माथ्यावर गेली आणि टक्क्याचं चिन्ह घातलं. लाटेकमध्ये टक्क्याच्या पुढं जे काही लिहावं ते यंत्राला दिसत नाही. ते फक्त माणसासाठी असतं. "बोला," ती म्हणाली. "पहिल्या तुकडीपासून. एकेक नाव सांगा. तुमच्या रांगेनं लिहिते. ही रांग माणसांची. तिला कुणी हलवणार नाही, मीसुद्धा नाही. खालची रांग यंत्राची. तिला तुम्ही बोट लावायचं नाही. लावलंत तर मी तुमचा चष्मा कपाटात ठेवीन, घड्याळाशेजारी."

"कबूल," मास्तर म्हणाले, आणि नावं सांगायला लागले. एकेका नावाबरोबर एकेक गोष्ट येऊ लागली. कोण कंपासपेटी विसरायचा, कोण कोनमापकातून बाहेर बघत बसायचा. ती "नाव सांगा, नाव, पुराण नको" म्हणत टाइप करत राहिली. पण मध्येच थांबवलं मात्र नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावरही हीच नावं याच क्रमानं ऋणनिर्देशात घालायची, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं.

ओळ तळाशी गेली. यंत्र पुढं सरकलं आणि पुन्हा रंगापाशी येऊन अडलं.

"आता हा तुमचा इंजिनिअर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज परत मूळ जागी आला. "हा कुठल्या बाकावर बसायचा?"

"जागेवर कधी बसलाच नाही."

"दिसतंच आहे ते."

रात्र पडायच्या आत हे संपवायचं, असं तिनं मनात घेतलं. अशा वेळी जुना उपाय एकच. निम्म्या ओळी झाकायच्या आणि बघायचं, अडतं का. नाही अडलं तर दोष झाकलेल्या निम्म्यांत. अडलं तर उरलेल्यांत. मग त्यातल्या निम्म्या झाकायच्या. घरातून रोज वाटी हरवत असली तर एकेका पाहुण्याला निरोप देत जावं, आणि कुणाच्या निरोपानंतर वाट्या हरवायच्या थांबतात ते बघावं, तसं. तिनं बँकवाला झाकला, शाळेवाली झाकली, उंच मुलगीही झाकली. आकृत्या गेल्या, दुवे गेले. यंत्र अडतच राहिलं. प्रत्येक खेपेला ती इंजिनिअरच्या नावानं एक शेलकं विशेषण काढायची आणि मास्तर शांतपणे म्हणायचे, "मनानं चांगला आहे."

शेवटी माथ्यावर फक्त दोन ओळी उरल्या. एक इंजिनिअरची रंगाची. दुसरी 'घरचा साज'.

तिनं इंजिनिअरची ओळ ठेवली आणि घरचा साज झाकला.

यंत्र गुपचूप पुढं गेलं. पानं भराभर जुळली.

तिनं साज उघडला. यंत्र लाल झालं.

 मग तिनं साजाची फाइल उघडली. कित्येक वर्षांत तिनं ती आतून बघितली नव्हती. बघायचं कारणच नव्हतं, ती तिची स्वतःची होती. आणि तिथं, समासांच्या आणि मथळ्यांच्या मध्ये, रंगाचं पॅकेज बोलावणारी ओळ बसली होती. मग आठवलं. फार पूर्वी एका हौशी कवीला मथळ्याखाली निळसर रेघ हवी होती. त्या कवीचं पुस्तक निघालं, निळी रेघ गेली, बोलावणं तसंच राहिलं. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात रंगाचं पॅकेज तिच्याच हातानं, काही मागणी न करता, आधी येऊन बसत होतं. इंजिनिअर बिचारा मागून येऊन म्हणत होता, मला तक्ते रंगवायचेत, आणि यंत्र म्हणत होतं, हा तर आधीच आलाय, आता नव्या मागण्या कुठल्या. ठेच त्याच्या ओळीला लागली होती. दगड हिचा होता.

"काय झालं?" बाइंडरनं दारातून विचारलं.

"काही नाही."

"सापडलं?"

"सापडलं म्हणून सांगतेय ना, काही नाही म्हणून." हे वाक्य नीट जुळलं नाही, हे तिलाही कळलं. तिनं कवीची ओळ काढून टाकली. ती इतक्या जोरात काढली की कळ दोन वेळा दाबली गेली आणि शेजारची ओळही गेली, ती परत आणावी लागली. मग तिनं कंपाइल केलं. माथ्यापासून शेवटच्या प्रमेयापर्यंत यंत्र एका दमात पळालं. लाल काही आलं नाही.

मास्तरांनी मान हलवली. "इंजिनिअरला फोन करा, वहिनी."

"करते. घाई काय आहे."

"तो वाट बघत असेल. मी रागावलो की तो रात्रभर झोपत नसे. तुम्ही तर काकू."

तिनं फोन लावला. पलीकडून "काकू, मी बघत होतो..." एवढं आलं, तोच ती म्हणाली, "ऐका. तुमचा रंग ठीक आहे. दोष दुसऱ्याचा होता."

"कुणाचा होता?"

"घरातलाच होता. आता जास्त चौकशी करू नका. पूल नीट बांधा." फोन ठेवताना ती एवढं पुटपुटली, "आणि काल बोलले ते मनावर घेऊ नका." ते पलीकडं पोचलं की नाही, ते फोनलाच ठाऊक.

मोठ्या अक्षरांत सगळी पानं छापून झाली. बाइंडरनं ती कच्ची शिवली, कारण मास्तरांना सुटी पानं सांभाळता आली नसती. सकाळी मास्तर छापखान्यातच खिडकीशी येऊन बसले, तिथला उजेड सगळ्यात चांगला. हातात भिंग, कानावर लाल पेन्सिल. पान वर उचलायचं, डोळ्याशी न्यायचं, रेघ न् रेघ बोटानं धरून बघायची. आत्ताच एखादं गिऱ्हाईक येऊन 'थोडं घाईचं आहे' म्हणालं असतं, तर सगळं विस्कटलं असतं.

बाइंडर पुठ्ठे कापत होता. त्यानं मान वर केली तर भट्टीबाई खळीचं पातेलं घेऊन चालली होती. तिनं ते बाहेर नेलं, तिपाईवर ठेवलं, आणि परत येऊन आपल्या जागी बसली.

बाइंडर बघतच राहिला. "तुला माहीत होतं?"

"खळ निवायला ठेवलीय," ती म्हणाली. "कापा पुठ्ठे."

मास्तर त्या दिवशी वाचत राहिले आणि दुसऱ्या दिवशीही. वर्तुळांच्या प्रकरणात त्यांनी एका आकृतीवर लाल खूण केली. "ही स्पर्शिका आत घुसलीय." भट्टीबाईनं बघितलं, बाइंडरनं बघितलं. दोघांनाही रेघ वर्तुळाला बरोबर टेकलेली दिसत होती. तिनं पडद्यावर ती आकृती मोठी केली, आणखी मोठी केली, वांग्याएवढी केली. केसाएवढी आत होती. तिनं ती दुरुस्त केली. मास्तरांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते आईच्या हातची हरवलेली बाहुली सापडलेल्या पोराच्या चेहऱ्यावर येतं तसलं होतं.

शेवटचं पान संपलं तेव्हा सोमवार उजाडायचा होता. मास्तरांनी भिंग ठेवलं, पेन्सिल ठेवली. मग पुन्हा पेन्सिल उचलली आणि मागं जात जात पहिल्या पानावर आले, विद्यार्थ्यांच्या नावांवर.

"वहिनी, इथं एक चूक आहे."

"कुठं?"

"हा इंजिनिअर. तुम्ही याला एका जागेनं वर घेतलाय. तो एक वर्ष नापास झाला होता. त्याची तुकडी पुढची."

भट्टीबाईनं मान फिरवली. "मला काय माहीत."

"माथ्यावरच्या टक्क्याच्या रांगेसाठी मी बरोबर सांगितलं होतं. इथंच बदललंय. कुणीतरी मुद्दाम हलवलं."

बाइंडर खोकला.

"मी त्याला वाट्टेल ते बोलले होते," ती म्हणाली. "म्हटलं, एक जागा वर घेऊ. कुणाला दिसणार आहे."

"मला दिसलं," मास्तर म्हणाले. असं म्हणताना ते इतके खूश होते की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते डॉक्टरांनी वर्ज्य सांगितलेलं होतं.

"दिसलं ना," भट्टीबाई उठली आणि आवाज चढवत म्हणाली, "मग आता ते डोळे पुसा आधी. उद्या ऑपरेशन आहे आणि इथं रडत बसलेत. आणि त्या इंजिनिअरला खाली नेणार नाही मी, सांगून ठेवते. तुमची रांग वर टक्क्यात आहे. ही माझी आहे."

बाइंडरला उठायची गरज पडली नाही. पातेलं बाहेरच होतं.